दहा शेराचा धोंडा

शनिवारी दिवस कलताना भुजंग मुकादम संपतच्या दारात आला आणि उभ्याउभ्याच बोलला. बसला असता तर संपतच्या बायकोनं, केशरबाईनं, चहा टाकला असता, आणि चहा पिऊन असली गोष्ट बोलता येत नाही.

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी घाटाच्या रस्त्याचं काम चालू होऊन राह्यलं. परवा मिस्त्रीला यादी द्यायची हाय. तुझं नाव कुठं घालू?"

"कुठं म्हंजे? भिंतीवर."

भुजंगनं उंबऱ्याकडं पाहिलं. "वर हत्यारं ठेवायला छप्पर करणार हायेत. टिकाव, पहारी, घमेली. सकाळी द्यायची, सांजच्याला परत घ्यायची. सावलीचं काम हाय. बैठं."

"बैठं," संपत म्हणाला.

"वाईट हाय का?"

"म्हाताऱ्याला बरं."

"संप्या, राग नको धरू. भिंत उतारावर हाय. खाली चार माणसं राहतील. वरच्याला मधीच दम लागला अन् हातचा दगड सुटला, तर खालच्याचं डोकं जातं. तुझा दम तुला माहीत. उद्या सांजपर्यंत सांग. तू म्हणशील तसं लिहीन. खोटं तू बोलणार न्हाईस, येवढं मला माहीत हाय."

तो गेला. त्याच्या शेवटच्या वाक्यानं संपतला कोंडीत धरलं. खोटं बोलायचं नाही हे ठीक होतं, पण खरं काय ते त्यालाच ठाऊक नव्हतं.

दोघं एकाच गल्लीतले, एकाच वयाचे. सोळाव्या वर्षापासून दोघांनी मिळून डोंगरापलीकडच्या बाजाराला वझी वाहिली होती. गावापासून पायथा दीड कोस, पायथ्यापासून खिंड एक कोस, सगळा चढ. गाडीचा रस्ता नव्हता. पोतं असो, पेंडी असो, सगळं डोक्यावरून. छप्पन साली वस्तीनं दीक्षा घेतली आणि गावकीची कामं सोडली, तेव्हा ह्याच वझ्यांनी दोघांची घरं उभी ठेवली. कुणाच्या दारात उभं राहायचं नाही, हातानं आणि डोक्यानं मिळवायचं. डोक्यानं म्हणजे डोक्यावर घेऊन, असं भुजंग म्हणायचा आणि दर वेळी स्वतःच हसायचा. पुढं भुजंगला चार अक्षरं येत होती म्हणून तो मुकादम झाला. संपत दगडावरच राहिला.

दुष्काळाची दोन वर्षं तो पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होता. खोकला लागला, तो धुळीचा म्हणून कुणी मनावर घेतला नाही. त्यानं तर नाहीच. चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात एके दिवशी फडक्यावर लाल दिसलं. सरकारी दवाखान्यात छातीचा फोटो काढला. दवाखान्याच्या गावी केशरबाईचा भाऊ होता. त्याच्या ओसरीत तीन महिने राहून संपतनं नव्वद सुया घेतल्या. एकही चुकवली नाही. मग घरी येऊन गोळ्या. एकूण अठरा महिने. अठरा महिन्यांत त्यानं कोंबड्या हाकल्या, दोऱ्या वळल्या आणि लोक येताना वाऱ्याची बाजू बघून बसतात हे पाहिलं.

गेल्या आठवड्यात डॉक्टरनं थुंकी तपासली, नवा फोटो उजेडात धरला आणि म्हणाला, "बरा झालास."

"वझं उचलू का?"

"हळूहळू बघ. दम लागला की थांब."

संपतला हे उत्तर पुरलं नाही. दम कधी लागतो हेच तर पाहायचं होतं, आणि अंगणात ते दिसणार नव्हतं.

रविवारी उजाडताच तो निघाला. केशरबाईनं विचारलं, "कुठं निघाले?"

"डोंगरात. सीताफळाचे डोळे उघडले असतील."

"सीताफळं वढ्याला बी हायेत."

"वरली गोड असतात."

तिनं त्याच्याकडं पाहिलं. भुजंगचं बोलणं तिनंही ऐकलं होतं. तिनं तीन भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधला. औषधाची मोठी बाटली धुऊन ठेवली होती, तीत पाणी भरलं.

"कुणाला सोबत तरी न्या."

"सोबत नेली तर सोबतच्याचा दम कळंल. माझा न्हाई."

भादवा सरला होता. पाऊस थांबून आठ दिवस झाले होते आणि यंदा तो पोटभर पडला होता. बाजरी कणसात होती, कापसाला पिवळी फुलं लागली होती. पाऊलवाटेच्या दोन्ही बाजूंना तरोटा कमरेइतका वाढलेला. दवानं धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं. सपाटीचा दीड कोस त्यानं कुठं न थांबता कापला. छातीनं काही तक्रार केली नाही. पण सपाटीवर कुणीही चालतो. तो हिशेबात धरायचा नव्हता.

परीक्षा त्यानं रात्रीच ठरवली होती. पायथ्यापासून खिंडीपर्यंत तीन टेकी आहेत. टेक म्हणजे वाटेच्या कडेला छातीइतक्या उंचीचा रचलेला दगडांचा चौथरा, वर सपाट. वझं घेतलेला माणूस एकटा असला की त्याची एकच अडचण असते. वझं खाली ठेवता येतं, पण पुन्हा डोक्यावर चढवायला दुसऱ्याचा हात लागतो. टेकीवर डोक्यावरचं वझं तसंच सरकवायचं, दम घ्यायचा, आणि खाली मान घालून तसंच परत घ्यायचं. कुणाला हाक मारायला नको. ह्या तिन्ही टेकी तातेरावनं रचल्या होत्या. तातेराव त्यांच्या आधीच्या पिढीतला वझेकरी. त्याचाच नियम होता की दोन टेकींच्या मधी उभं राहा, पण बसू नको. बसला तो कुणाच्या तरी उपकारावर उठतो.

संपतनं तोच नियम धरला. खिंडीपर्यंत जायचं, उभं राहिलं तर चालेल, बसायचं नाही. बसला तर छपरातली हत्यारं.

खालच्या टेकीला तो फार लवकर पोचला. पूर्वी इथपर्यंत यायला तंबाखूचा एक बार संपायचा. आज तो मळून तोंडात टाकला असता तर ओला झाला नसता. तंबाखू आता बंदच होती, पण माप डोक्यात होतं. त्याला बरं वाटलं. टेकीला त्यानं नुसता हात लावला आणि थांबला नाही.

पुढच्या चढावर वाट वळणं घेत जाते. गवत पुरुषभर, मधी मधी काळा कातळ. पहिल्या वळणावर त्याचं तोंड उघडलं. दुसऱ्या वळणावर उजव्या बरगडीखाली टोचायला लागलं. त्यानं पाय उचलला, आणखी जोरात, जणू टोचणं मागं टाकता येईल. तिसऱ्या वळणावर मधली टेक दिसली. वीस-पंचवीस पावलं राहिली असतील. तिथं खोकला आला.

एका सालईच्या खोडाला धरून तो खोकला. डोळ्यांत पाणी आलं. घशाशी आलेलं त्यानं समोरच्या सपाट दगडावर थुंकलं आणि वाकून पाहिलं. पांढरं होतं. आपलीच सावली पडली असेल म्हणून तो बाजूला झाला आणि उन्हात पुन्हा पाहिलं. पांढरंच होतं. दवाखान्यात शिकवल्याप्रमाणं त्यानं त्याच्यावर माती लोटली. माती लोटता लोटता तो बसला.

बसला, हे त्याला बसल्यावर कळलं.

टेक समोर होती. पंचवीस पावलं. त्यानं मोजली, डोळ्यांनी. मग मोजायचं सोडून दिलं. खाली गाव बोटाएवढं दिसत होतं. सकाळी हत्यारं द्यायची, सांजच्याला परत घ्यायची. एखादं घमेलं कमी भरलं तर ओरडायचं. पोरं म्हणतील, म्हातारं खवट आहे. सेहेचाळीस वर्षांचं म्हातारं.

तेवढ्यात खालून पावलांचा आवाज आला. डोक्यावर पाटी घेऊन गोजरबाई येत होती. साठी ओलांडलेली बाई. दसऱ्यापासून होळीपर्यंत ती आपल्या शेळ्या घेऊन खिंडीच्या माथ्यावर राहायची आणि ह्या दिवसांत शिधा वर वाहून न्यायची. तिनं मान वळवली नाही. वझ्याखालचा माणूस मान वळवत नाही, नुसते डोळे वळवतो.

"कोण ते? संपत का?"

"व्हय मावशी."

"मेलास न्हाई आजून?"

"न्हाई. सवड न्हाई मिळाली."

ती हसली, पण पाऊल मोडलं नाही. त्याला ओलांडून ती टेकीपाशी गेली, पाटी वर सरकवली, पदरानं तोंड पुसलं. संपत उठून तिच्यामागं आला. टेकीला पाठ लावून उभा राहिला. छाती अजून वरखाली होत होती.

"दम लागला?"

"लागला."

"लागंल न्हाई तर काय. पायथ्यापासून बघून राह्यले मी. वाघ मागं लागल्यावानी पळत व्हतास."

"पळत कुठं? चालत आलो."

"रिकामा माणूस पळतोच. त्याचं त्याला कळत न्हाई."

संपतनं हे ऐकलं, पण ते आत गेलं नाही. त्याचं लक्ष पाटीकडं होतं. पाटी भरलेली होती, पिठाची पिशवी, मीठ, कांदे. म्हातारीला ती खिंडीपर्यंत न्यायची होती. त्यानं हात पुढं केला.

"द्या मावशी. पुढं मी घेतो."

गोजरबाईनं पाटी आपल्याकडं ओढली. हळूच, पण ओढली.

"नको बाबा. पीठ हाय त्याच्यात. तुझं दुखणं..."

संपतनं हात मागं घेतला. "डॉक्टर म्हणला, बरा झालास."

"म्हणला असंल. डॉक्टर काय माझं पीठ खाणार हाय?"

गोजरबाईला आपलं बोलणं लागलेलं दिसलं असावं, पण बोललेलं परत घेण्यातली ती नव्हती. तिनं टेकीच्या बुडाशी पडलेल्या एका धोंड्याला पायानं ढोसलं.

"वझ्याची येवढी हौस हाय ना? मंग हा घे की. वरच्या टेकीचा माथा ढासळलाय ह्या पावसात. पाटी ठेवली की कलंडती. हा बराबर बसंल तिथं. उलीसा चपटा हाय."

ती थट्टेनं म्हणाली. संपत मात्र वाकला आणि धोंडा पाहिला. काळा, एका अंगानं सपाट, कडा धरायला चांगल्या. त्यानं तो गुडघ्याइतका उचलून अंदाज घेतला. दहा शेर. थोडा जास्त असेल, नऊ नक्कीच नव्हता. पूर्वी असा दगड तो एका हातानं बाजूला टाकायचा. डोक्यावर दीड मण असायचं.

त्यानं डोक्याचं फडकं सोडलं, पीळ देऊन चुंबळ केली, डोक्यावर बसवली. धोंडा आधी मांडीवर घेतला, मग छातीवर, मग डोक्यावर. एकट्यानं.

"आरं खरंच घेतला की! लोक डोंगरातून दगड खाली नेतात, अन् हा वर न्हेऊन राह्यला. वर काय दगडांचा दुकाळ पडलाय?"

"चला मावशी. तुम्ही पुढं व्हा."

चालायला लागल्यावर दहाव्या पावलाला त्याला पहिली गोष्ट कळली. मान सरळ झाली होती. मघा तो वर खिंडीकडं बघत चढत होता, म्हणून घाई. आता वर बघताच येत नव्हतं. पुढची चार हात वाट आणि गोजरबाईच्या भेगाळलेल्या टाचा, एवढंच दिसत होतं. पाऊल आपोआप आखूड पडत होतं. लांब पाऊल टाकलं की डोक्यावरचं हलतं, म्हणून ते टाकताच येत नाही. आणि तोंड मिटलं होतं. ते त्यानं मिटलं नव्हतं. वझ्याखाली ते मिटतंच. तातेराव सांगायचा, तोंड उघडलं की दम पळतो, त्याला नाकाच्या बारीक वाटेनंच ये-जा करू दे. दोन पावलांना आत, दोन पावलांना बाहेर.

पंचवीस वर्षं हा डोंगर तो चढला होता. एकदाही रिकामा चढला नव्हता. जाताना वझं, येताना मीठ नाहीतर गुळाच्या भेल्या. रिकाम्या अंगानं चढ कसा चढायचा हे तो कधी शिकलाच नव्हता. आज सकाळी त्यानं छातीची परीक्षा घेतली नव्हती. न येणाऱ्या कामाची परीक्षा घेतली होती.

हे त्याला चालताना सुचलं आणि हसू आलं. पण हसला की पाऊल मोडणार, म्हणून ते त्यानं पुढं ढकललं.

वरच्या टेकीच्या आधी एक कपार आहे. दोन कातळांमधून वाट सरळ उभी चढते, पस्तीस पावलं. तिथं कुणीही धापा टाकतो. संपतचा दम वाढला. दोन पावलांचा श्वास एका पावलावर आला. तो उभा राहिला, धोंडा डोक्यावर तसाच. दहा श्वास मोजले. बरगडीखाली टोचलं नाही. खोकल्याची खवखव घशाशी आली आणि तशीच खाली गेली. तो पुन्हा चालला. कपारीच्या तोंडाशी आणखी एकदा थांबला, सहा श्वास. दोन्ही वेळा उभाच.

वरच्या टेकीचा माथा खरंच ढासळला होता. एक कोपरा मोकळा. गोजरबाई पाटी डोक्यावर घेऊन बाजूला थांबली. संपतनं धोंडा आधी टेकीवर सरकवला, मग त्या कोपऱ्यात फिरवून बसवला. तो हलत होता. खालची बाजू थोडी बाकदार होती. त्यानं इकडंतिकडं पाहून एक बारीक चीप शोधली, फटीत घातली, दुसऱ्या दगडानं ठोकली. मग तळहातानं दाबून पाहिलं. हलला नाही. कोपरावर सगळं अंग टाकून पाहिलं. हलला नाही.

"ठेवा."

गोजरबाईनं पाटी सरकवली. पाटी टेकीवर बसली, कलंडली नाही. तिनं एकदा पाटी हलवून पाहिली, खात्रीसाठी.

"बसला," ती म्हणाली.

"मी?"

"धोंडा म्हणते मी. तू कुठं बसलास?"

आता संपत हसला. हसताना खोकला येतो का हेही त्यानं पाहून घेतलं. आला नाही. मग आणखी थोडा हसला.

तिथून खिंड जवळच. खिंडीच्या माथ्यावर गोजरबाईचा काटेरी कुंपणाचा वाडा, एका बाजूला पळसाच्या पानांनी शाकारलेलं खोपट. तिथं टेक नव्हती. पाटी जमिनीवर उतरवायची होती. एकट्यानं उतरवायची तर गुडघ्यावर यावं लागतं, आणि साठीनंतर गुडघे वाकतात पण वेळेवर सरळ होत नाहीत. गोजरबाई खोपटासमोर उभी राहिली. संपत चार पावलं लांब उभा होता. आपणहून पुढं होणार नव्हता. एकदा हात मागं घ्यावा लागला होता.

"तिथं काय उभा राह्यलास? हात लाव."

त्यानं पाटीच्या कडेला दोन्ही हात लावले. तिनं डोकं खाली घेतलं, त्यानं भार तोलला, पाटी जमिनीवर आली. पिठाची पिशवी त्याच्या बोटांना लागून होती. ह्या वेळी तिनं पाटी ओढली नाही.

पळसाच्या सावलीत तो बसला. आता बसायला हरकत नव्हती. इथून दोन्हीकडचा मुलूख दिसत होता. मागं आपलं गाव, त्याच्या पलीकडं नदीची लांबट चकाकी. पुढं बाजाराच्या गावाकडं उतरणारी वाट. ती गवतानं अर्धी बुजली होती. आता वझी कोण नेतं? दोन वर्षांत घाट झाला की गाडी जाईल, मोटारही जाईल, तातेरावच्या टेकी रस्त्याच्या बाजूला राहतील आणि कुणाला त्यांचं काम कळणार नाही. संपतला त्याचं वाईट वाटलं नाही. वझं वाहिलेल्याला रस्त्याचं वाईट वाटत नसतं.

त्यानं भाकरीचं फडकं सोडलं. गोजरबाईनं खोपटातून दोन कांदे आणून दगडावर ठेचले, एक त्याच्यापुढं ठेवला.

"ठेचा केशरच्या हातचा हाय का?"

"तिच्याच."

"मंग दे इकडं." तिनं त्याच्या फडक्यातून ठेचा बोटानं घेतला, भाकरीचा तुकडाही त्याच्याच भाकरीचा मोडला. चावता चावता म्हणाली, "तिखट करती. मीठ कमी घालती. सांग तिला."

"तुम्हीच सांगा. माझं ऐकती का ती?"

दुपार कलल्यावर तो उतरायला लागला. खिंडीखालच्या उतरणीवर सीताफळीची झुडपं आहेत. डोळे उघडलेली, दोन दिवसांत पिकतील अशी बारा फळं त्यानं निवडली. तेराव्याला हात लावला होता, पण त्याचे डोळे मिटलेले होते म्हणून सोडलं. फळं फडक्यात बांधून त्यानं डोक्यावर घेतली. खांद्याला अडकवता आली असती. पण उतारावरही रिकाम्या डोक्यानं चालायची चूक त्याला करायची नव्हती.

उतार छातीचा नसतो, गुडघ्याचा असतो. मधल्या टेकीशी गुडघे बोलायला लागले. ते बोलले तर बोलू दे. सालईपाशी त्यानं माती लोटलेला दगड दिसला. तो तिथं क्षणभर उभा राहिला आणि पुढं गेला.

दिवे लागायच्या आत तो भुजंगच्या दारात पोचला. भुजंग ओसरीवर यादी घेऊन बसला होता. संपतनं गाठोडं खाली ठेवलं आणि उभाच राहिला.

"बोल."

"वरच्या टेकीचा माथा बसवून आलो."

"तू? कशानं?"

"दगडानं. मधल्या टेकीपासून डोक्यावर न्हेला."

भुजंगनं पेन्सिल खाली ठेवली. "केवढा?"

"दहा शेर."

"दीड मण न्हेत व्हतो आपण."

"व्हतो. आज दहा शेर."

"जरा वाढवून सांगायचा. कोण बघायला गेल्तं?"

"दहा म्हंजे दहा."

"बरं. बसलास का कुठं?"

"एकदा. खालच्या अन् मधल्या टेकीच्या मधी."

भुजंगचा चेहरा उतरला. तो नियम त्यालाही ठाऊक होता.

"तवा रिकामा व्हतो," संपत म्हणाला. "वझं घेतल्यावर न्हाई बसलो. दोनदा थांबलो. उभा."

भुजंगला हे समजायला थोडा वेळ लागला. मग त्यानं कपाळावर हात मारला. "म्हंजे रिकामा व्हतास तर दम लागला, अन् धोंडा डोक्यावर घेतला तर न्हाई?"

"बराबर."

"मंग लेका, तुला त्या छपरात रिकामा बसवला तर तू आठ दिवसांत मरशील!"

तो इतक्या मोठ्यानं हसला की आतून त्याची बायको बघायला आली. संपत हसला नाही. त्याचं बोलणं अजून पुरं व्हायचं होतं.

"ऐकून घे. दिवाळीपर्यंत दहा शेराच्या वर उचलणार न्हाई. पुढचं पुढं. माझं वझं मी एकट्यानं उचलीन, कुणी हात लावून चढवायचं न्हाई. एकट्याला उचलतं तेवढंच माझं. अन् दम लागला तर आधी सांगीन. सुटायच्या आधी."

भुजंगनं पेन्सिल उचलली. "भिंतीला चिपा लागत्यात, भरावाचे बारके दगड लागत्यात. सगळी भिंत काय दीड मणाच्या धोंड्यांची असती? मोठे चिरे बसवणारे ढीग हायेत. चीप बराबर बसवणारा एक न्हाई." त्यानं यादीत लिहिलं आणि कागद वळवून संपतला दाखवला. संपतला आपलं नाव तेवढं वाचता येत होतं. ते भिंतीच्या बाजूला होतं.

चार सीताफळं त्यानं भुजंगच्या ओसरीवर ठेवली आणि घरी गेला.

सोमवारी सकाळी त्याला बाजेवरून उठता येईना. केशरबाई दारात झाडू घेऊन उभी होती. तिनं दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा ती झाडू टाकून आत आली.

"काय झालं? दुखतंय का?"

"दुखतंय."

तिचा आवाज बारीक झाला. "कुठं?"

संपतनं डोळे उघडले आणि एक एक सांगायला सुरुवात केली. "पोटऱ्या. दोन्ही. मांड्या, पुढून. गुडघा, डावा जास्त. मान तर वळतच न्हाई. टाळू जरा दुखरी हाय, चुंबळ सैल बसली व्हती."

"अन् छाती?"

त्यानं तोंड मिटलं. नाकानं श्वास घेतला, पुरता, पोटापर्यंत. धरून ठेवला. सोडला. अठरा महिन्यांत अंग असं दुखलं नव्हतं. हे दुखणं त्याच्या ओळखीचं होतं. कामाच्या पहिल्या आठवड्यात येतं आणि दुसऱ्यात जातं.

"छाती न्हाई," तो म्हणाला.

केशरबाई बाजेच्या कडेवर टेकली. पदर गुडघ्यावर घेऊन त्याच्या घड्या घालत राहिली. मग उठली.

"मंग पडून काय राह्यले? उठा. पाणी आणायचंय."

तो बाजेला धरून उठला. एक हात भिंतीला लावत दारापर्यंत गेला. दारात दोन घागरी होत्या. त्यानं चुंबळ घट्ट वळली आणि लहानी घागर उचलली.

"मोठी कोण न्हेणार?" केशरबाईनं विचारलं.

"तू. दिवाळीपर्यंत."

"अन् मंग?"

"मंग बघू," तो म्हणाला आणि विहिरीच्या वाटेला लागला.